गल्लीतले बाक

मराठीच्या प्राध्यापकाचा समाजाला फारसा उपयोग नसतो, असा माझा बरीच वर्षे समज होता. आमच्या सोसायटीने तो दूर केला. पाण्याचा टँकर मागायचा असो, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून विनंती करायची असो, की गणपतीच्या वर्गणीचे आवाहन असो. "सर, दोन ओळी लिहून द्या की," असे म्हणत कोणीतरी दार वाजवतेच. वीस वर्षे मी मुलांना अलंकार आणि वृत्ते शिकवली. पण 'वरील विषयास अनुसरून' या तीन शब्दांत केवढे बळ आहे, ते अर्ज लिहू लागल्यावर मला समजले. माझ्या पदवीचा एवढा रोकडा उपयोग महाविद्यालयातसुद्धा झालेला नाही.

अशाच एका अर्जाची ही हकीकत आहे. शहराचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. चूक झाली ती माझी आहे. तिचे खापर शहराच्या डोक्यावर कशाला?

पुणे महानगरपालिकेने २००६ साली एक चांगली गोष्ट सुरू केली. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या भागात कोणती कामे घ्यावीत हे नागरिकांनीच सुचवायचे. साधा एक पानी नमुना असतो. त्यात नाव, पत्ता, काम कोणते आणि जागा कोणती एवढे लिहून तो क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. एका कामाला ५ लाखांची मर्यादा. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी ही कामे. हजारो कोटींच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी. पण आपल्या गल्लीतला पदपथ आपल्या अक्षरात मागता येतो, ही भावना काही लहान नव्हे. मुळात 'अंदाजपत्रक' हा शब्दच मला आवडतो. सरकारी मराठीत इतका प्रामाणिक शब्द दुसरा नसेल. आम्ही अंदाज केला आहे, पुढचे पुढे, असे तो आधीच सांगून मोकळा होतो.

आमच्याकडेही असाच प्रकार सुरू झाला आणि तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात सोसायटीच्या वाहनतळावर खुर्च्या मांडून सभा भरली. अठ्ठावीस घरांतून अकरा माणसे आली. आमच्यात ही गर्दी समजली जाते. अध्यक्षस्थानी अर्थातच अण्णा. अण्णा बँकेतून निवृत्त झाले असले तरी बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. "मागणी एकच असावी, आणि ती मुद्देसूद असावी," असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले. एकाला गतिरोधक हवा होता. दुसऱ्याची कंबर त्याच गतिरोधकांनी गेली होती. चर्चा तासभर चालली. शेवटी गल्लीच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली पदपथ नीट करून तीन बाक बसवावेत, यावर सर्वांचे एकमत झाले. बाकाला कोण विरोध करणार? बाक ही वस्तूच निरुपद्रवी.

अर्ज मी लिहिला. 'परिसरातील ज्येष्ठ नागरिकांच्या वतीने' अशी त्याची सुरुवात होती. 'आयुष्यभराच्या श्रमांनंतर त्यांना सायंकाळी चार घटका विसावता यावे' असे एक वाक्य मधे होते. ते वाचून अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

पुढे वर्षभर काहीच घडले नाही, आणि मग एका आठवड्यात सगळे घडले. पदपथ उकरला, रंगीत ठोकळे बसले, आणि तीन लोखंडी बाक आले. नगरसेवकांची मुदत केव्हाच संपलेली होती, शहर प्रशासकाच्या हाती होते. तरीही मधल्या बाकाच्या पाठीवर 'माजी नगरसेवक यांच्या संकल्पनेतून' अशी पाटी नावानिशी झळकली. अण्णा खवळले. "संकल्पना आपली, अर्ज सरांचा, आणि नाव यांचं?" मी हसून सोडून दिले. आज वाटते, ती पाटी तिथे होती हेच बरे. नाहीतर तिथे माझे नाव शोभले असते.

बाक आल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आई देवघरासमोर बसून म्हणाली, "आज पण फुलं नाहीत."

"का? मावशी आल्या नाहीत?"

"अरे, त्यांची जागाच कुठे राहिलीय?"

फुलवाल्या मावशी त्या करंजाखाली बसत. किती वर्षांपासून ते मला माहीत नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्या होत्याच. पहाटेच्या पहिल्या बसने बाजारातून फुले आणायची, एक पोते अंथरायचे, झेंडू, शेवंती, बेल, दूर्वा मांडायच्या. सकाळी दहापर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी दिवेलागणीला. आई रोज सहा वाजता जायची ती अर्ध्या तासाने परत यायची. फुलांच्या पुडीला अर्धा तास कशाला लागतो, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता विचारले तेव्हा कळले. मावशींनी दुधाचा एक रिकामा क्रेट पालथा घालून ठेवला होता, तो आईचा. त्यावर बसून ती एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधून द्यायची. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाकडे पाणी आले नाही, कोणाचा मुलगा परदेशी गेला, हे सगळे गल्लीला त्या क्रेटवरून कळत असे. समोरच्या इमारतीतल्या काकूंचा मुलगा खरोखरच परदेशी गेलेला. त्या चार दिवस फुलांना आल्या नाहीत तेव्हा मावशींनीच आईला सांगितले, आणि आई वर जाऊन बघते तो काकू तापाने निपचित पडलेल्या. ही गोष्ट घरात झालेली मला आठवत होती. ती कोणत्या जागेमुळे घडली, हे मात्र मी कधी जोडून पाहिले नव्हते.

"मग आता बाक आलेत ना चांगले. तिथं बस जाऊन," मी म्हणालो. वास्तविक हे म्हणायला नको होते.

"बाकावर बसून बोलू कुणाशी?" आई म्हणाली. "पाटीशी?"

मावशींना कोणी हाकलले नव्हते. काम करणाऱ्या माणसांनी सांगितले, "मावशी, आठ दिवस जरा बाजूला बसा." त्या बसल्या. आठ दिवसांनी येऊन पाहतात तो त्यांच्या पोत्याच्या जागी बाकाचे पाय सिमेंटमध्ये रोवलेले. उरलेल्या जागेत विजेचा डबा. त्या काही न बोलता मोठ्या रस्त्यावर, एका बँकेच्या भिंतीशी बसू लागल्या. तिथे दर दोन दिवसांनी अतिक्रमणाची गाडी येई. गाडी दिसली की पोते गुंडाळायचे आणि पळायचे, वय साठीच्या पुढे.

मी कार्यालयात गेलो. तिथले अभियंता साहेब वयाने तरुण आणि वागायला सरळ निघाले. त्यांनी फाईल काढली आणि माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला. "सर, यात फुलवालीचा उल्लेख कुठंच नाही."

नव्हताच. मी माझे अक्षर वाचत राहिलो. चार घटका विसावा होता, आयुष्यभराचे श्रम होते. जिच्यापाशी माझी स्वतःची आई रोज विसावत होती, ती बाई नव्हती.

"पण तुम्ही जागा पाहायला आला असाल ना?"

"आलो होतो की. दुपारी तीनला. तिथं कोणीच नव्हतं."

खरे होते. दुपारी तीन वाजता करंजाखाली एक कुत्रे सोडले तर कोणी नसते.

त्या दुपारच्या तीन वाजण्याने मला एका परक्या माणसाची आठवण करून दिली. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा. मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पुढे नगररचनेकडे वळलेला. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला, आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होता. त्या काळचे अभियंते नकाशावर पट्टी ठेवून वस्तीतून सरळ रस्ता काढीत आणि मधे येईल ते पाडीत. गेडिस बोळाबोळांतून पायी हिंडे. पडकी भिंत तेवढी काढावी, विहीर दुरुस्त करावी, झाड लावायला चौक मोकळा करावा, पण माणसे शक्यतो जागची हलवू नयेत, असा त्याचा आग्रह. वनस्पतींचा जाणकार तो. मुळे कुठवर गेली आहेत ते पाहिल्याशिवाय कुदळ घालू नये, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

होळकरांच्या इंदूरचा अहवाल त्याने १९१८ साली दिला. तिथली त्याची दिवाळीची गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि दिवाळी अंकात ती सांगितल्यावाचून राहवत नाही. शहरात प्लेगची धास्ती, आणि हा साहेब वह्या घेऊन गल्ल्यांतून फिरतो म्हणून लोक त्याच्याकडे संशयाने बघत. तेव्हा त्याने दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली आणि जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या मार्गावरची जास्तीत जास्त घरे लोकांनी झाडून, रंगवून, दुरुस्त केली असतील त्या मार्गाने जाईल. झाले! गल्ल्यांमध्ये चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि मानाने चालणारे सफाई कामगार होते, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, झाडूंना फुले बांधून. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. तुळशीची रोपे घरोघरी वाटली. मला या हकीकतीत सर्वांत आवडतो तो मिरवणुकीच्या मार्गाचा भाग. राजवाड्याने रस्ता ठरवायचा सोडून तो गल्लीवर सोपवला! अर्थात गेडिसलाही हत्ती-घोडे होळकर दरबारचेच घ्यावे लागले, हे विसरून चालणार नाही.

गेडिसनंतर शंभर वर्षे लोटली. लोकांना विचारण्याची तरतूद आता कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. शहराचा विकास आराखडा तयार झाला की त्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा आणि 'हरकती व सूचना' मागवायच्या. यातला 'हरकती' हा शब्द आधी येतो, 'सूचना' मागाहून, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आराखडा आधी तयार होतो; आपण त्यानंतर तोंड उघडायचे, तेव्हा पहिल्याप्रथम तोंडातून हरकतच निघणार. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. मुंबईचा २०१५ मधला मसुदा तर इतक्या चुकांचा निघाला की, गदारोळानंतर राज्य सरकारने एप्रिलमध्ये तो नव्याने दुरुस्त करायला लावला. लोक उदासीन आहेत असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. आराखड्याला सगळे 'डीपी' म्हणतात. आमच्या गल्लीत डीपी म्हणजे विजेचा डबा. दोन्हींना हात लावताना माणूस घाबरतो, एवढे साम्य खरे.

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून निराळा प्रयोग झाला. वस्तीवस्तीत सभा घ्यायच्या, भांडायचे, मत द्यायचे, आणि पैसा आधी कुठे जावा हे ठरवायचे. तिथे गरीब वस्त्यांतून पाणी आणि सांडपाण्याच्या नळांची मागणी पुढे आली. आपल्याकडे नमुना भरायचा असतो. नमुना भरायला लेखणी लागते, पत्ता लागतो आणि कार्यालयाच्या वेळेत मोकळीक लागते. त्यामुळे बाक मागितले जातात.

मी अभियंता साहेबांना म्हणालो, "दुपारी तीनचं राहू द्या. मी दिवसभर पाहतो." दिवाळीची सुट्टी होती. एक जुनी हजेरीवही घेतली, आणि पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंत थोडे थोडे करून चार दिवस गल्ली पाहिली. पाहिली म्हणजे काय, निरनिराळ्या वेळी बाकावर बसून राहिलो. बाकाचा तेवढा उपयोग झाला.

साडेपाचला दूधवाली पोरे येतात आणि पिशव्या मोजतात, आणि मोजायला जागा नाही म्हणून रस्त्यावरच मोजतात. सहाला झाडणाऱ्या दोघीजणी. सातपासून घरकामाच्या बायका. नदीपलीकडच्या वस्तीतून चालत येणाऱ्या. पहिल्या दिवशी मी सतरा मोजल्या. त्या चार-चार, पाच-पाच घरांची धुणी-भांडी उरकून दुपारी दोनला परत जातात. त्यांच्यापैकी एकीला मी विचारले, "ताई, या गल्लीत तुम्हाला काय हवं?" तिने आधी मागे वळून पाहिले, तिला वाटले, मी दुसऱ्याच कोणाला विचारतो आहे. मग पदर तोंडाला लावून सोबतिणीच्या कानात काहीतरी बोलली. सोबतीण धीट होती. म्हणाली, "सर, बायांना जायला जागा नाही. सकाळपास्नं दोन वाजेपर्यंत आम्ही पाणीच पीत नाही."

अठ्ठावीस घरांत मिळून आमच्याकडे पन्नासच्या वर न्हाणीघरे आहेत. मीच मोजली, त्याच वहीत.

'रहिवासी' हा शब्द मी तोवर कधी तपासून पाहिला नव्हता. जो राहतो तो रहिवासी. पण मी या गल्लीत जागेपणी किती राहतो? सकाळी साडेसातला जातो, पाचला येतो आणि दार लावून घेतो. मावशी दिवसाचे सात-आठ तास इथे असत, या बायका सात तास. गल्लीतल्या कुठल्या दिव्याखाली अंधार पडतो, कुठल्या झाकणाचा कोपरा तुटला आहे, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. नमुन्यात मात्र पत्ता विचारतात, आणि पत्ता नदीपलीकडचा.

पुढच्या ऑगस्टात सभा पुन्हा वाहनतळावरच भरली. या वेळी मी मावशींना आणि त्या दोघींना बोलावून आणले. खुर्च्या होत्या, पण त्या बसेनात. आईने दोघींचे हात धरून त्यांना बसवले आणि स्वतः मध्ये बसली. अण्णांना हे रुचले नाही. "सर, सभा रहिवाशांची आहे." मी म्हणालो, "अण्णा, मागच्या वेळी फक्त रहिवासी होते म्हणून तर घोळ झाला."

स्वच्छतागृहाची मागणी मी मांडली. कोणीही नाही म्हणाले नाही. अगदी आवश्यक आहे, लाजिरवाणी गोष्ट आहे, असेच सगळे बोलले. मग जागेचा प्रश्न आला, आणि पाहता पाहता गल्लीतली एकेक भिंत नामंजूर झाली. इथे खिडक्या येतात, तिथे तुळशीवृंदावन आहे, पलीकडे मुलीच्या लग्नाचा मांडव पडायचा आहे. सर्वांत जोराचा विरोध तळमजल्यावरच्या ज्या गृहस्थांनी केला ते शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असत. ती धीट बाई सगळे ऐकून घेऊन उठली. म्हणाली, "जाऊ द्या सर. दोन वाजले." आणि निघाली. त्या सभेत मला जितकी शरम वाटली तितकी कधी वाटली नव्हती. पण खरे सांगायचे तर, आमच्या भिंतीचा विषय निघाला तेव्हा मीही क्षणभर गप्प बसलो होतो. तो क्षण आईने पाहिला. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची किल्ली खिळ्यावरून काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडचे मागचे न्हाणीघर सकाळी दोन वाजेपर्यंत उघडे असते. मला तिने विचारले नाही. ही काही नगररचना नव्हे, हे मला कळते. स्वच्छतागृहाचा नमुना मी भरून दिला आहे; जागेच्या रकान्यात मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची पालिकेचीच मोकळी पट्टी लिहिली आहे. मंजुरी आलेली नाही.

बाकाचे काय झाले ते सांगायचे राहिले. एक बाक काढून टाकावा असा अर्ज मी केला. अभियंता साहेबांनी डोके खाजवले. नवीन बसवायच्या कामाला अंदाजपत्रकात शीर्ष आहे, बसवलेले काढायच्या कामाला नाही. "आणि सर, तुमच्याच मागणीवरून बसवलेला बाक तुमच्याच मागणीवरून काढला, तर लेखापरीक्षणात मला विचारतील." मग मी दुसरा कायदा वाचला. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने केलेला. त्यात प्रत्येक शहरात एक पथविक्रेता समिती असावी, तिच्यात निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, आणि नोटीस दिल्याशिवाय कोणाला हलवू नये, असे स्पष्ट आहे. मावशींना हा कायदा माहीत नव्हता. त्यांना हलवणाऱ्या मला तरी कुठे माहीत होता? नोंदणीसाठी त्यांचे कागद जमवायला आम्हाला चार महिने लागले. अंगठा त्या करीत नाहीत. सही करतात, ठसठशीत.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या करंजाखाली परत आल्या. पोते अंथरायला जागा नव्हतीच; त्यांनी मधल्या बाकावरच फुले मांडली. पाटीवर झेंडूच्या माळा लोंबू लागल्या आणि माजी नगरसेवकांचे नाव दिसेनासे झाले. आईचा क्रेट मावशींनी जपून ठेवला होता. बाक रिकामे असले तरी ती क्रेटवरच बसते.

आता अण्णांची तक्रार आहे. मधला बाक फुलांनी अडवला, दुसऱ्यावर दूधवाली पोरे पिशव्या मोजतात, तिसऱ्यावर दुपारी त्या कामवाल्या बायका डबा खातात. मग ज्येष्ठ नागरिकांनी बसावे कुठे? मुद्दा अगदीच चुकीचा आहे असे नाही. यंदाचे नमुने आले आहेत, आणखी दोन बाक मागावेत असे त्यांचे म्हणणे आहे, आणि अर्ज अर्थातच मी लिहायचा आहे.

मी म्हटले, "लिहितो. पण आधी उद्या सकाळी साडेपाचला माझ्याबरोबर खाली या. मग अकराला, मग दोनला. जागा बघू, आणि मग लिहू."

अण्णा थोडा वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "अकराला येतो. साडेपाचचं थंडी संपल्यावर बघू."